तुमच्या दाजींचा वर्षावास

अंबरनाथ पूर्व
शुक्रवार, १८ जुलै

तेजूच्या पप्पांना जय भीम.

कागदावरचं पत्र बघून दचकू नका. फोनवर बोलायला घरात जागा उरली नाही म्हणून लिहायला बसले. तुमचा फोन आला की यशोधराताई तो माझ्या हातातून घेतात आणि स्पीकरवर टाकतात. हरिचंद्र भाऊजी, म्हणजे तुमचे लाडके दाजी, उपकार केल्यासारखा टीव्हीचा आवाज थोडा कमी करतात. मग भाऊ, बहीण आणि दाजी यांच्या पोटभर गप्पा होतात आणि उरलासुरला फोन माझ्या हातात येतो. तुम्ही विचारता, बाकी काय? चार डोळे माझ्या तोंडावर असतात. मी म्हणते, बाकी काही नाही. तर ती बाकी या पत्रात आहे.

तुमच्या कॅम्पचा पत्ता सुजितच्या बायकोकडून घेतला. ती माझ्याच पॅकिंग लाइनवर आहे. तुम्ही आणि सुजित ओमानात एकाच खोलीत राहता हेही तिच्याकडूनच कळलं.

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी ताई-भाऊजी आले. उल्हासनगरच्या खोलीचं छत गळतंय, पावसाळा तेवढा काढू, असं ताई म्हणाल्या. मी म्हटलं, या की, घर तुमचंच आहे. असं म्हणायची पद्धत असते, ते कोणी खरं धरत नाही. बरोबर दोन बॅगा, एक टेबलफॅन, इस्त्री आणि दाजींची आरामखुर्ची होती. पावसाळ्यापुरता आलेला माणूस आरामखुर्ची घेऊन येत नाही, हे मला ती टेम्पोतून उतरवतानाच कळायला हवं होतं. उतरवली मीच.

दुसऱ्या दिवशी विहारात पौर्णिमेची वंदना झाली. महिला मंडळाच्या बनूबाई तुम्हाला ठाऊक आहेत, कुणालाही काहीही विचारतात. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, हरिचंद्र, उल्हासनगर सोडून इकडे कसे? आता सरळ सांगावं ना, छत गळतंय. तर दाजींनी शर्ट खाली ओढला आणि म्हणाले, "यंदाचा वर्षावास मेहुण्याच्या घरी करायचं ठरवलंय." बायकांनी हात जोडले. वाचायला आवाज चांगला म्हणून रोज संध्याकाळच्या ग्रंथवाचनाचं कामही त्यांच्याकडे आलं. घरी येताना तेजूने विचारलं, पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहून अभ्यास करायचा तो वर्षावास भिक्खूंचा असतो ना? मी म्हटलं, अभ्यासाचं पुढे बघू, राहायचं तर सुरू झालंय.

वर्षावासाचे नियम दाजींनी सोयीने वाटून घेतले आहेत. या काळात प्रवास करायचा नसतो, म्हणून ते सिलिंडरसाठी जिना उतरत नाहीत. सिलिंडरवाला आपला जिना चढत नाही, तुम्हाला माहीत आहे. तेव्हा टाकी मी आणि तेजू वर आणतो. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, तो नियम मात्र आपल्या घराला लागू नाही. विचारलं तर म्हणाले, मी गृहस्थ आहे. म्हणजे सिलिंडरसाठी भिक्खू आणि ताटासाठी गृहस्थ. रविवारी मटण लागतं आणि त्यात नळी त्यांच्याच वाटीत यावी लागते.

आता खरी गोष्ट. माझ्या आईच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टरांनी ऑगस्टची तारीख दिली आणि उशीर करू नका असं बजावलं. नंतर महिनाभर कोरडी, स्वच्छ जागा हवी आणि वेळच्या वेळी थेंब घालायला माणूस हवं. कुळगावच्या तिच्या खोलीत नळ बाहेर, संडास गल्लीच्या टोकाला, आणि जोराचा पाऊस झाला की पाणी उंबऱ्याला लागतं. आपल्याकडचा खिडकीजवळचा दिवाण तिच्यासाठी ठरला होता, तुमच्याशी बोलूनच ठरला होता. त्या दिवाणावर आता दाजी झोपतात. एक खोली आणि किचन, त्यात चौघं आहोतच. आईला कुठे निजवू? तुम्ही ताईंना एवढंच सांगा की तारखेच्या आत छताचं काम उरकून घ्या. तुमचं ऐकतील.

भावना


कंपनीचं कँटीन, आनंदनगर
बुधवार, ६ ऑगस्ट

तेजूच्या पप्पांना जय भीम.

पत्र मिळालं नाही म्हणालात. इथे टपाल कुठे येतं, वाळवंट आहे, असं म्हणालात. असेल. हे दुसरं लिहिते, दोनातलं एक तरी वाळवंट ओलांडेल. पण त्याच फोनवर तुम्ही हसत ताईंना विचारलंत, दाजींना नळी मिळते ना? नळीचं तुम्हाला कोणी सांगितलं, हा विचार मी भांडी घासताना करत होते. ताईंनीच सांगितलं असेल.

घरची खुशाली अशी. माझी पहिली पाळी असली की सहाच्या आत घर सोडावं लागतं आणि बाथरूम नेमकं तेव्हा दाजींच्या ताब्यात असतं. दोनदा मी तोंडही न धुता रिक्षात बसले आणि कंपनीत जाऊन आवरलं. ताईंनी माझं किचन लावून दिलं. मी मागितलं नव्हतं. आता मी माझ्याच घरात हळद शोधते आणि ताई दिवाणावरून सांगतात, वरचा फळा, लाल झाकण. पोळ्या मात्र त्यांना जमत नाहीत, मनगट दुखतं. मनगटाचं दुखणं डबे हलवताना नव्हतं.

विहारातल्या बायका दाजींसाठी खीर पाठवतात, वर्षावासी माणूस म्हणून. ती फ्रीजमध्ये त्यांच्या नावाने राहते. तेजूने एकदा वाटीभर खाल्ली तर ताई म्हणाल्या, दान आहे ते, असं कुणीही खायचं नसतं. परवा विहारात तृष्णेवरचं प्रकरण होतं. दाजींनी इतकं मनापासून वाचलं की दोघी-तिघींचे डोळे भरले. घरी आल्यावर त्यांनी पहिलं हे विचारलं की सकाळचा सुका बोंबील कोणी संपवला.

तेजू किचनमध्ये ओट्याखाली पाट टाकून अभ्यास करते. बारावीचं वर्ष आहे. काल तिने टीव्हीच्या आवाजातच मला विचारलं, "मम्मी, ये लोग परमनंट है क्या?" मी तिला हळू बोल म्हटलं. हळू बोलायची गरज नव्हती, त्या आवाजात कोणाला काय ऐकू जाणार.

रविवारी मी जिन्यात उभी राहून तुम्हाला फोन लावला, आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, आई गेल्यावर ताईने मला कडेवर वाढवलंय, तिला मी कुठल्या तोंडाने जा म्हणू? मग म्हणालात, तू समजूतदार आहेस, जरा ॲडजस्ट कर. लग्न झाल्यापासून मी पाहते आहे, घरात ज्याला जागा द्यायची नसते त्याला समजूतदार म्हणतात. तुम्हाला ताईंनी वाढवलं, ते मी कधी नाकारलं नाही. पण मलाही कोणीतरी वाढवलंच आहे. ती बाई कुळगावला एका डोळ्याने भिंत चाचपत नळावर जाते.

ऑगस्टची तारीख गेली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी लाइनवर होते. पुढची द्या म्हटलं. त्यांनी सप्टेंबरातली दिली आणि पुन्हा सांगितलं की डोळा थांबणार नाही. ताईंशी बोला, प्रमोद. मी तुम्हाला नावाने हाक मारत नाही, आज मारली, यावरून काय ते समजा.

भावना


कुळगाव
शुक्रवार, २९ ऑगस्ट

जय भीम.

आज कंपनीला सुट्टी म्हणून आईकडे आले आहे. ती समोर मेथी निवडते आहे. काड्या पातेल्यात टाकते आणि पानं कचऱ्यात.  ती उठली की कचऱ्यातून पानं काढून घेईन. सकाळचा चहा खारट होता, तो मी पिऊन टाकला.

तुम्ही ताईंशी बोलला नाहीत हे मला कळलं, म्हणून गेल्या आठवड्यात मीच विषय काढला. दिवाण महिनाभर आईला द्या, भाऊजींना खाली जाड गादी घालते, असं म्हटलं. ताईंनी लगेच त्यांच्या कंबरेचं काढलं. मग म्हणाल्या, एवढी घाई कशाला, एक डोळा चालतोय ना? दिवाळीनंतर निवांत करा. दाजी आरामखुर्चीतून म्हणाले, शरीर अनित्य आहे. कंबरही अनित्यच असेल, पण ते मी बोलले नाही. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

शेवटी आईला म्हटलं, तू चल तर खरी, किचनमध्ये आपण तिघी मावू. ती चालायला तयार नाही. म्हणाली, "जावयाची बहीण घरात असताना मी पोरीकडं पडाय येऊ? उद्या बोलंल, भावाच्या घरात भावजयीचं माहेर घुसलं. जावयानं सोताच्या तोंडानं बोलावलं तर येईन."

मी तिच्याशी भांडले. आंधळी झालीस तर मान घेऊन काय करशील, असंही बोलून गेले. ती म्हणाली, मान दिसत नाय, त्याला डोळा लागत नाय. 

तर एक काम करा. आईला एक फोन करा. दोन मिनिटं. आई, या आमच्याकडे, एवढंच म्हणा. पुढचं सगळं मी बघते, दाजींची कंबरही मी बघते. तिचा नंबर तुमच्याकडे आहे, तरी खाली लिहिला आहे. मोठा लिहिला आहे.

भावना


अंबरनाथ पूर्व
शुक्रवार, १९ सप्टेंबर

तुम्ही आईला फोन केला नाही. सप्टेंबरची तारीखही गेली. आता मी काय पाहून आले ते वाचा.

वर्षावासाची समाप्ती जवळ आली. ग्रंथ वाचणाऱ्याला त्या दिवशी पांढरी वस्त्रं देतात. मंडळाच्या बायकांनी ठरवलं की कापड भावनाने आणावं, वर्षावासी तिच्याच घरी आहेत, पुण्य तिलाच लागू दे. म्हणून आज उल्हासनगरला दोन नंबर कॅम्पच्या कापड बाजारात गेले. मोठ्या पन्ह्याचं पांढरं कापड घेतलं. मग वाटलं, इथवर आलोच आहोत तर चार नंबरला जाऊन ताईंच्या छताचं काय झालं ते बघून यावं. कोणी लक्ष देत नसेल तर एखादा मिस्त्री मीच लावून देते, असा विचार होता. मी अजून त्यांच्या छताची काळजी करत होते, हे लक्षात ठेवा.

छताला नवा निळा पत्रा आहे. थेंब गळत नाही. आत मशिनी लागल्या आहेत, पोरं जीन्स शिवतात, आणि ताईंच्या किचनच्या जागी पँटींचे गठ्ठे छताला टेकलेत. एक सिंधी शेठ बाहेर आले. माणूस सभ्य होता. मी हरिचंद्र भाऊजींच्या नात्यातली आहे म्हटल्यावर त्यांनी स्टूल दिलं, पाणी मागवलं. मी विचारलं, जागा कधी घेतली? म्हणाले, "अप्रैल में बात हुई, जुलाई में माल लगाया. हरिचंद्रजी को तो कोई टेन्शन नहीं बहनजी. उनका साला बाहर है ना, अंबरनाथ में उसका घर खाली पड़ा है. साले ने ही फोन पे बोला, जीजाजी उधर रहो, इसको भाड़े पे चढ़ा दो."

मी पाणी प्यायले. ग्लास परत दिला. जय भीम म्हणायच्या ऐवजी थँक्यू म्हणाले.

घर खाली पड़ा है. त्या खाली घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. त्या खाली घरात तुमची मुलगी ओट्याखाली बसून बारावी करते. खाली घरात रोज पाच वाजता कुकर लागतो, दोन टाक्या पाणी चढतं, आणि कोणीतरी समजूतदार बाई पोळ्या लाटते. शेठचा काही दोष नाही, त्याला जे सांगितलं ते तो बोलला. सांगणाऱ्याला विचारायचं आहे. एप्रिलमध्ये तुम्ही मला रोज फोन करत होता. उन्हाळा कसा आहे ते विचारलंत. आंबे आले का ते विचारलंत.

घरी येऊन मी ताईंना काही बोलले नाही. दाजींनी कापड हातात घेऊन पाहिलं, पोत चांगला आहे म्हणाले. तेजूला सुद्धा सांगितलं नाही. आधी तुमचं उत्तर हवं. फोनवर नको, कागदावर हवं. हो की नाही, एवढं एका ओळीत लिहा.

भावना


अंबरनाथ पूर्व
बुधवार, ८ ऑक्टोबर

उत्तर आलं नाही. काल आश्विन पौर्णिमा झाली. तुमच्या कानावर एव्हाना ताईंच्या बाजूने आलंच असेल. माझ्या बाजूने हे.

बदलापूरहून भन्तेजी आले होते. विहार भरला होता, पोरं बाहेर चपलांवर बसली होती. भन्तेजींनी पवारणेचं समजावून सांगितलं. वर्षावास संपला की निघण्याआधी भिक्खू एकमेकांपुढे हात जोडतात आणि म्हणतात, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, किंवा मनात शंका आली असेल, तर माझ्यावर करुणा करून सांगा. भन्ते म्हणाले, भिक्खू संघात हे मोठ्यातला मोठाही लहानापुढे करतो.

एवढ्यावर थांबलं असतं. पण माईक जवळ होता आणि तुमचे दाजी नव्या पांढऱ्या वस्त्रांत होते. ते उठले आणि म्हणाले, "भन्तेजी, मीही या नगरीत तीन महिने वर्षावास केला. मीही सर्वांसमोर पवारणा करतो. माझं काही पाहिलं, ऐकलं, शंका आली असेल, तर निःसंकोच सांगावं." हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. सगळे साधु म्हणायला तोंड उघडून बसले होते. गृहस्थाने असं करायची पद्धत नाही आणि केलं तरी कोणी उत्तर देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी उठून उभी राहिले.  म्हटलं, "भाऊजी, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या उल्हासनगरच्या खोलीचं छत गळत नाही. तिथे जीन्सच्या मशिनी लागल्यात. हे मी पाहिलं. खोली भाड्याने चढवून तुम्ही माझ्याकडे राहायला आलात, हे ऐकलं. आणि तुमच्या दिवाणापायी माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन राहिलं, हे रोज पाहिलं."

 दाजींनी डोळे उघडले नाहीत, मिटूनच राहिले.  भन्तेजींनी मला हळूच विचारलं, आणि शंका? मी म्हटलं, "शंका आहे भन्ते, पण ज्याच्याबद्दल आहे तो इथे नाही."

मग ताईंना रडू फुटलं आणि त्या म्हणाल्या, माझ्या भावाचं घर आहे, हिची काय सत्ता? त्यावर बनूबाई जागेवरूनच बोलल्या, "बाई, भांडण कशाला? वर्षावास सुरू होताना आम्ही हात जोडले, संपला तेव्हाही जोडतो. वर्षावास संपला की चारिका. भिक्खू पुढच्या गावाला निघतो. सकाळी आम्ही पोचवायला येऊ."

आणि आल्या. आज सकाळी मंडळाच्या सात-आठ बायका पांढऱ्या साड्या नेसून जिन्यात उभ्या होत्या. बॅगा त्यांनी उचलल्या. टेबलफॅन एकीने, इस्त्री दुसरीने, आणि आरामखुर्ची बनूबाईंनी डोक्यावर घेतली. प्रत्येक मजल्यावरची माणसं दारात आली. टेम्पो सुरू झाला तेव्हा बायका तीनदा साधु म्हणाल्या. दाजींनी सवयीने हात वर करून आशीर्वाद दिला. टेम्पोवाल्याने कुठे विचारलं तर म्हणाले, बदलापूर, पुतण्याचं घर आहे. पुतण्याला अजून माहीत नव्हतं.

तुम्ही इथवर हसाल, मला माहीत आहे. मलाही हसू येत होतं. पण त्याआधी एक झालं, ते लिहायचं आहे. ताई शेवटची पिशवी घ्यायला वर आल्या होत्या, आम्ही दोघीच होतो. म्हणाल्या, "भावना, लोकांसमोर नको होतं करायला. नको होतो आम्ही, तर बोलावलंस कशाला?" मी म्हटलं, मी कधी बोलावलं? त्यांनी पिशवी खाली ठेवली. म्हणाल्या, "पम्याच बोलला. भावनानेच सांगितलंय, एकटी असते, तुम्ही आलात तर तिला सोबत होईल. छताचं आपलं लोकांना सांगायला. मला वाटलं, तुला सगळं ठाऊक आहे." त्यांच्या तोंडावरून कळत होतं की खोटं बोलत नाहीत. तीन महिने त्या मला आगाऊ, दुटप्पी बाई समजत होत्या, आणि मी त्यांना. पिशवी मीच खाली नेऊन दिली. 

भन्तेंपुढे राखलेली शंका तुमची होती. शंका उरली नाही आता. उद्या पहाटे आईला आणायला जाते आहे. तुमच्या फोनची वाट बघणार नाही, तिलाही बघू देणार नाही.

भावना


अंबरनाथ पूर्व
शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मागच्या पत्रानंतर तुमचा पहिल्यांदा फोन आला. विहारात तमाशा केलास, म्हणालात. माझ्या बहिणीला रस्त्यावर आणलंस, म्हणालात. मी विचारलं, पत्रं मिळाली का? तुम्ही म्हणालात, एकही नाही, कसली पत्रं?

काल सुजित आला. दिवाळी हुकली त्याची, आता रजा मिळाली. खजुराचं पाकीट घेऊन आला, चहा घेतला. पोरगा सरळ आहे, त्याला कसली आतबाहेरची माहिती नाही. बसल्या बसल्या हसायला लागला. म्हणाला, "वहिनी, तुम्ही काय लिहिता यार! आख्खा रूम वाट बघतो तुमच्या पत्राची. प्रमोद ॲक्टिंग करून वाचतो. सिलिंडरसाठी भिक्खू आणि ताटासाठी गृहस्थ, ते तर सगळ्यांना पाठ झालंय. केरळचे दोघं आहेत, त्यांना आम्ही हिंदीत करून सांगतो." तिकडे मला दाजीवाली वहिनी म्हणतात, हेही सांगितलं. आरामखुर्ची बनूबाईंच्या डोक्यावर, तिथे एक जण हसून कॉटवरून पडला म्हणे.

तेजू किचनच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. नंतर तिने मला काही विचारलं नाही, आणि ते बरं झालं नाही.

मी सुजितला विचारलं, आणि माझ्या आईचं वाचून काय म्हणतात सगळे? तो म्हणाला, "आईंचं? आईंना काय झालं?" त्याला काही माहीत नव्हतं. मेथीचं माहीत नव्हतं, खारट चहाचं माहीत नव्हतं, तारखांचं नाही, तुमच्या त्या दोन मिनिटांच्या फोनचं नाही. म्हणजे तुम्ही सगळी पत्रं नीट वाचलीत. नीट वाचल्याशिवाय कुठलं गाळायचं ते कळत नाही.

म्हणून या पत्रात दाजी नाहीत. हसण्यासारखं काही ठेवलेलं नाही. हे पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा, खोलीत सगळे असताना.

आईला मी आणलं त्या रात्रीच तिचा डोळा ठणकायला लागला. दवाखान्यात नेलं. मोतीबिंदू जास्त पिकला होता, डोळ्याचं प्रेशर वाढून आतली नस गेली. डावा डोळा परत येणार नाही. ऑगस्टमध्ये आला असतात तर हाताबाहेर गेला नसता, असं डॉक्टर म्हणाले. आवाज चढवून म्हणाले नाहीत, कागद भरता भरता म्हणाले. उजव्यातही मोतीबिंदू धरला होता, त्याचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात केलं, ते व्यवस्थित झालं. पट्टी काढली तेव्हा आईने पहिलं माझं तोंड पाहिलं. म्हणाली, "दिसतंय की. वाळलीस गं किती." माझ्यासमोर ती डाव्या डोळ्याबद्दल एक शब्द बोलत नाही. तुम्हालाही बोलणार नाही. जावई आहात तुम्ही तिचे, तुमचा मान ठेवेल.

माझ्याकडून तुमची पवारणा झाली. पाहिलेलं, ऐकलेलं सगळं सांगितलं.

डिसेंबरात तुम्ही रजेवर येताय, हे सुजितने सांगितलं. तुम्ही मला सांगितलं नव्हतं. या. खिडकीजवळच्या दिवाणावर आई आहे, ती तिथेच राहणार. खोलीत तेजू अभ्यास करते, टीव्ही मी काढून टाकला. तुमची गादी किचनमध्ये घालीन. जेवायला मिळेल, सिलिंडर मात्र तुम्हालाच वर आणावा लागेल. किती दिवस राहणार, ते आधी कळवा.

भावना